पाठीमागचा हात

नाना बाथरूममध्ये घसरू नयेत म्हणून मी दाराशी नवं, गुबगुबीत पायपुसणं टाकलं आणि त्यावरून मीच घसरलो. त्यामुळे सध्या मुरगळलेला पाय स्टुलावर ठेवून मी वडिलांचं चालणं बघत बसतो.

खुब्याच्या ऑपरेशननंतर नानांना एकच ध्यास आहे: गॅलरीतल्या खुर्चीपर्यंत आपलं आपण जायचं. नर्सिंग ब्यूरोकडून येणाऱ्या शोभाताई त्यांच्या मागून चालतात. त्यांचा हात नानांच्या पाठीपासून वीतभर लांब, कुठेही न टेकता, सोबत सरकत असतो. वाऱ्यातून निरांजन नेताना आपण ज्योतीला असाच आडोसा धरतो. ज्योतीला हात कोण लावतं?

ताईंना कामावर ठेवताना मी प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, सगळं बघून घेतलं होतं. या वीतभर अंतराचं काही विचारावं, हे डोक्यातही आलं नाही. सांभाळायचं म्हणजे घट्ट धरायचं, एवढीच माझी अक्कल.

आज नाना खुर्चीशी पोचले आणि हळूच, आपले आपण बसले. शाबासकी द्यायला मी घाईघाईने उठू लागलो.

“ताई, माझं झालं,” नाना म्हणाले. “आता त्याला धरा. तो परत माझी काळजी घ्यायला उठतोय.”