वीस म्हणजे वीसच

सौदीत रास तनुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खाजगी दवाखान्यात मी जळीत वॉर्डाची शिक्षिका होते. भारतातून येणाऱ्या नर्सेस परीक्षा पास होऊनच येत. इंजेक्शनं, सलाईन, चार्ट, सगळं त्यांना यायचं. मी त्यांना एवढंच शिकवायचे की ओरडणाऱ्या माणसाच्या अंगावरची मेलेली कातडी कशी काढायची, आणि तो ओरडतो म्हणून हात कसा थांबवायचा नाही. तेलाच्या तेजीचे दिवस होते. रोज नव्या टाक्या उभ्या राहत होत्या आणि रोज कुणीतरी भाजून येत होतं. सरावाला माणसं कमी पडली नाहीत.

भाजलेला भाग मिठाच्या कोमट पाण्याच्या टबात धरायचा, जाळीच्या कापडाने घासायचा, सुटलेली कातडी चिमट्याने उचलून कात्रीने कापायची. आधी सुई टोचलेली असे, पण ती पुरत नसे. माणसं लाथा मारत, चावत, थुंकत. आमचा येमेनी मदतनीस दरवाजाएवढा रुंद होता. तो मागून रोग्याच्या खांद्याखाली हात घालून त्याला खुर्चीला दाबून ठेवी आणि मला म्हणे, "यल्ला, सिस्टर." म्हणजे चला, सुरू करा.

माझा नियम असा होता की मोठ्याने वीस आकडे मोजायचे, तेवढा वेळ घासायचं, आणि वीस म्हटल्याबरोबर हात पाण्याबाहेर. राहिलं असेल तर राहू दे. एक मिनिट थांबून पुन्हा वीस.

हा नियम मी शोधलेला नाही. मला शिकवणाऱ्या बाईंनी तो माझ्या बोटांवर लाकडी रुळाने ठोकून बसवला. त्यांना तो त्यांच्या शिक्षिकेकडून मिळाला होता, आणि त्या शिक्षिका एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डॉक्टरकी शिकलेल्या. वर्गात त्या एकट्या बाई. शवविच्छेदनाच्या खोलीत मुलांनी त्यांच्या पदरावर मेलेल्या माणसाचं बोट फेकलं, तर त्यांनी ते उचललं, त्याच्या कंडरा सोडवून दाखवल्या आणि फेकणाऱ्याच्या वहीत ठेवून दिलं. त्यांचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना छडीने मारत आणि रोग्यांनाही मारत. क्लोरोफॉर्म बेताचा, तो राखून वापरायचा. किरकोळ कापाकापीला चार विद्यार्थी रोग्याच्या अंगावर बसत. प्राध्यापक म्हणत, "आता संपलं," आणि कापत राहत. एका रोग्याने तेवढ्यात हात सोडवून त्यांच्याच मांडीत सुरी घुसवली. त्या डॉक्टरबाईंनी त्यावरून धडा घेतला की रोग्याला शेवट आधी सांगायचा आणि तो पाळायचा. मग त्या शिकवायला लागल्या तेव्हा आकडे मोजायला लागल्या. मारणं मात्र त्यांनीही सोडलं नाही, माझ्या बाईंनीही नाही आणि मीही नाही.

एका ठेकेदाराच्या यार्डात टाकीला आग लागली आणि सातजण आले. त्यातला एक गुहागरकडचा वेल्डर. वय पस्तिशीचं, अंगाने सुतळीसारखा, तोंडाने तिखट. त्याचा उजवा हात कोपराच्या खालपर्यंत भाजला होता. बाकी सहाजण त्याच्याहून वाईट होते, म्हणून ऑपरेशनचं टेबल त्यांच्याकडे आणि हा माझ्याकडे. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "बाई, वेल्डिंगचा होल्डर धरता येईल ना परत? हा हात गेला तर मी काय, कंदील धरून उभा राहू?"

"आधी घासू द्या. मग बघू."

"वीस म्हणालात ना? वाण्याचे वीस नकोत हां."

"वीस म्हणजे वीसच."

तो माझ्याबरोबर मोजायचा. पाचला शिव्या सुरू व्हायच्या, दहाला माझ्या आईपर्यंत पोचायच्या, आणि वीसला तो घामाने निथळत हसायचा. "चुकून तुमच्या मातोश्रींना बोललो, माफी सांगा."

तिसऱ्या दिवशी मी चिमटा एका नव्या पोरीच्या हातात दिला. सांगलीकडची, हात चांगला, पण घाई फार. तिने वीस म्हटलं आणि आणखी दोनदा घासलं. वेल्डरने पाय झाडला, टब उलटला, लाल पाणी सगळ्यांच्या बुटांत गेलं. मी पोरीच्या कानशिलात मारली.

"थोडंसंच राहिलं होतं की, मॅडम," ती गाल धरून म्हणाली.

"राहू दे. उद्या हा आपल्याला हात देणार नाही, मग काय घासशील, खुर्ची?"

"मला मारून त्याचा हात बरा होणार आहे?"

मी तिला टब भरायला सांगितला.

चौथ्या दिवशी पट्टी सोडली तर वास आला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधोमध हिरवट पू. आमचे इजिप्शियन सर्जन शस्त्रक्रिया अर्धवट ठेवून दोन मिनिटं आले, वाकून हुंगलं आणि इंग्रजीत म्हणाले, "उद्या सकाळी टेबल मोकळं होईल. तोवर हे वर चढलं तर मनगटातून कापतो." वेल्डरला इंग्रजी फार येत नव्हतं, पण मनगटावर फिरवलेलं बोट त्याने पाहिलं.

"कापणार?"

"आज आतलं सगळं निघालं तर नाही."

"मग काढा."

भूल देणारे डॉक्टर आत अडकलेले. द्यायची तेवढी सुई देऊन झालेली. मी चिमटा आत घातला. पू तळव्याच्या खाली करंगळीच्या मुळापर्यंत खिशासारखा साठला होता. वीस आकड्यांत फक्त तोंड मोकळं झालं. दुसऱ्या वीसमध्ये थोडं आणखी. दर वेळी हात बाहेर काढला की तो मूठ आवळायचा आणि ती उघडायलाच पुढचे आठ-दहा आकडे जायचे. अशाने संध्याकाळ झाली असती.

तिसऱ्या खेपेला मी आकडे लांबवले. चौदा म्हटलं आणि घासत राहिले. पंधराला त्याहून जास्त वेळ. सोळा म्हटलंच नाही.

त्याने डावा हात कसा सोडवला मला कळलं नाही. ठोसा तोंडावर बसला. मी मागच्या ट्रॉलीवर पडले, कात्र्या अंगावर आल्या, तोंडात रक्त आणि तुटलेल्या दाताचा तुकडा. मदतनिसाने त्याचा गळा दंडात आवळला. वेल्डरचे डोळे वर गेले, टाचा फरशीवर आपटायला लागल्या.

"सोड त्याला!" मी ओरडले. "सोड! मरेल तो!"

सोडत नव्हता. मी उठून लोखंडी ट्रे मदतनिसाच्या पाठीत घातला तेव्हा सुटला. दारात पहारेकरी आला, पोलिसांना बोलावू का विचारू लागला. पोलीस आले असते तर वेल्डरचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, गेला असता आणि कोठडीत हातही. मी सांगितलं, ट्रॉलीवर पडले, जा.

वेल्डर खोकत बसला होता. श्वास मिळाल्यावर म्हणाला, "तुम्ही फसवलंत."

"हो. फसवलं."

"का?"

"वेळ नाही म्हणून."

"मग तसं बोलायचं होतं. मी काय मुका आहे? आता तुम्ही गप बसा. मी मोजणार."

माझा एक डोळा सुजून बंद होत होता. मी चिमटा सांगलीच्या पोरीला दिला आणि म्हटलं, "हा थांब म्हणेल तिथे थांबायचं. आकडा कुठलाही असो." मदतनिसाला मी खोलीबाहेर काढलं. वेल्डरने डाव्या हाताने खुर्चीची दांडी धरली.

पहिल्यांदा तो सहाला थांबला. पोरीने हात उचलला. मग नऊ. मग अकराला तो ओकला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "चल गो, घाल." पुढच्या खेपेला वीस मागे पडले. तो तिशीत ओरडत होता, चाळिशीत रडत होता, पण आकडा चुकत नव्हता. मूठ त्याने आवळली नाही. पोरीने खिसा तळापर्यंत उघडला, मेलेलं मांस कापून काढलं. खालून लाल, ताजं रक्त आलं. त्रेपन्नला तो म्हणाला, "बस," आणि खुर्चीतच बेशुद्ध झाला.

सकाळी सर्जन शाईचं पेन घेऊन आले. पट्टी उघडली, हुंगलं, बोटांनी दाबत वर गेले आणि परत खाली आले. पेन मनगटावर टेकलं नाही. त्यांनी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी रेघा ओढल्या.

"कुणी साफ केलं?"

मी पोरीकडे बोट दाखवलं.

"आणि तुमचं तोंड?"

"ट्रॉली."

ती दोन बोटं दुपारी गेली. तीन आठवड्यांनी मी ड्रेसिंगच्या खोलीत झाडूचा दांडा वेल्डरच्या हातात ठेवला. "धरा."

अंगठा आणि दोन बोटं दांड्याभोवती वळली. नवी कातडी ताणून पांढरी पडली, एका चिरेतून रक्त आलं. मी दांडा ओढून पाहिला. त्याने माझ्या आईला एक शिवी घातली आणि सोडला नाही.