आमच्या घरात कुणाला न्हाई

दवाखान्यात माणूस दुखणं घेऊन येतो तसा संशयही घेऊन येतो. दुखणं बरं होतं, संशयाचे किस्से मागं उरतात. कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, तेव्हाचे असे ढीगभर किस्से माझ्याकडं साठलेत.

आमच्या डॉक्टरांनी एक वही केली होती. साखर, दमा, ब्लडप्रेशर असलेल्या पेशंटला ते विचारायचे, हा आजार घरात आणखी कुणाला? उत्तर मी लिहायचं. वहीभर एकच उत्तर, "कुणाला न्हाई." कारण उघड होतं. आजार घराण्यात आहे असं गावात कळलं की पोरींची लग्नं अडणार!

एक दमेकरी म्हणाला, आमच्यात आजार कसला, आजा म्हातारपणानं गेला. डॉक्टरांनी विचारलं, किती वय होतं?

"असंल की छत्तीस!"

वही कशी भरायची ते दाखवायला डॉक्टरांनी पहिलं पान माझ्याच नावानं भरायला लावलं. माझी आई साखरेनं गेली, पायाची जखम शेवटपर्यंत भरली नाही. मी लिहिलं, कुणाला नाही. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ते पान वाचलं आणि वही मिटली.

*

वजनकाट्यावर बाजीराव नावाचा क्लार्क होता. मूळचा पाथर्डीकडचा. सारखी तहान, सारखी लघवी. डॉक्टरांनी लघवी तपासायला मागितली. पण त्याची मुलगी कुसुम लग्नाची होती, स्थळं येत होती. त्यानं घरून बाटली भरून आणली.

त्या वेळी टेस्ट ट्यूबमध्ये निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. साखर असली की रंग हिरवा, पिवळा, शेवटी विटेसारखा लाल. बाजीरावनं आणलेली लघवी टाकली तरी नळी निळीच्या निळी! डॉक्टरांना पटेना. त्यांनी दवाखान्यातच दुसरी बाटली भरायला लावली. तिचा रंग लालभडक.

"मग पहिली कुणाची?"

"नामदेवची," बाजीराव मान खाली घालून म्हणाला. नामदेव त्याचा धाकटा भाऊ, ऊसतोडीला आलेला.

पुढच्याच क्षणी त्यानं मान वर केली. बाप एक, आई एक, मग साखर मलाच कशी? नामदेव सख्खा आहे ना, इथपर्यंत त्याची गाडी गेली.

सोबत आलेला नामदेव दारातच उभा होता. "तू खुर्चीत बसून धा येळा च्या पितोस, मी दिसभर कोयता चालवतो. माज्या आईवर कशाला जातोस?"

डॉक्टरांनी बाजीरावला कळेल अशा भाषेत सांगितलं. बापाकडून दोघांना ऊस एकाच बेण्याचा मिळाला, पण रान वेगळं मिळालं. नुसत्या बेण्यानं होत नाही, नुसत्या रानानंही नाही.

बाजीरावनं डोळे बारीक केले. "मंजी कारखान्याचं रान वाईट, आसं लिहून देता का?"

*

बहात्तरच्या दुष्काळात ऊसच नव्हता. कारखाना बंद पडल्यावर बाजीराव चार महिने गावी नामदेवकडं राहिला. पाण्यासाठी रोज दोन मैल पायपीट, जेवायला भाकरी आणि चटणी. परत आला तो निम्मा होऊन. मी तपासलं तर रंग निळा!

दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. बाजीरावला वाटलं, मी औषधात पाणी घातलं. माझी परीक्षा घ्यायला दुसऱ्या दिवशी त्यानं साध्या पाण्यात कारखान्याची साखर विरघळवून आणली. ते तापवलं, तरी रंग निळाच.

डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं की लघवीतली साखर वेगळी, पोत्यातली वेगळी. पोत्यातली ह्या औषधात दिसतच नाही. ऐकतो कोण!

"जे आवषद पोत्यातली साखर धरत न्हाई, ते माजी काय धरनार?"

तेव्हापासून तो पुन्हा खुर्चीत बसून चहा प्यायला लागला. दोन महिन्यांत रंग लाल. मला त्याचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं होतं.

*

मग राहुरीकडचं एक स्थळ कुसुमला बघून गेलं. मुलाचे वडील, बापूसाहेब, गुडघेदुखीचं निमित्त काढून दवाखान्यात आले आणि हळूच वही मागायला लागले. मुलीच्या घरात काही आजार आहे का, तेवढं सांगा म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्याचं मी सांगत नाही. तुमची लघवी तपासून देतो."

बापूसाहेब ऐटीत आत गेले. आमच्या घरात कुणाला न्हाई, हे जाता जाता सांगितलंच. रंग लाल! वहीचं नाव न काढता त्यांनी घाईनं लग्नाची पुढच्याच आठवड्यातली तारीख धरली.

बाजीराव माझ्याकडं धावत आला. "येवडी घाई? पोरात काय खोट हाय का?"

मी गोळ्यांच्या पुड्या बांधत राहिलो. कुसुम गुणी पोरगी होती. माझ्या एका शब्दानं तिचं लग्न मोडलं असतं.

*

लग्न लागलं. पंगतीत व्याह्यांनी एकमेकांना बुंदीचा लाडू भरवायचा होता. बाजीरावनं लाडू उचलला, बापूसाहेबांनीही उचलला. दोघांचे हात एकमेकांच्या तोंडापाशी जाऊन थांबले.

"माजा दात दुकतोय," बापूसाहेब म्हणाले.

बाजीरावनं त्यांच्याकडं नीट निरखून बघितलं. "माजा बी."

मंडळी हसली. दोन्ही लाडू तसेच अधांतरी. शेजारी मी बसलो होतो. दोघांनीही ते माझ्या पत्रावळीवर ठेवले.

"कंपाउंडर, तुमी खा," बाजीराव म्हणाला. "तुमच्या घरात कुणाला न्हाई ना?"

समोरच्या पंगतीत डॉक्टर होते. त्यांनी जेवण थांबवून माझ्या हाताकडं बघितलं.

मी म्हणालो, "माझाही दात दुखतोय."