फोटोतली करंगळी

जमीलचाचांना कुणी सलाम केला तरी ते आधी त्याच्या हातात काय आहे ते बघतात. मांजरसुंब्याच्या फाट्यावर त्यांचं सीताफळाचं शेड आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये पत्र्याची एकच भिंत आहे. त्यामुळे गेली नऊ वर्षं त्यांचा संशय मी फुकटात ऐकते आहे. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले की कार्ड स्वतःच्या हाताने काचेवर ठेवतात, स्वतःच उचलतात आणि मग विचारतात, "प्रणिता, मशिनीच्या पोटात एखादी कापी राहत तर न्हाई ना?" पैसे ऑनलाइन दिले की दुकानातला डबा रक्कम बोलतो, तोवर थांबतात. डबा बोलल्यावर मला विचारतात, "तू काय ऐकलंस?" सुरुवातीला मला राग यायचा. अजूनही येतो, पण आता मी तो चहाबरोबर गिळते.

वय त्रेसष्ट. अंगाने वाळके, दाढी पांढरी, उजव्या हाताची करंगळी वाकडी. तरुणपणी भरलेला क्रेट त्या बोटावर पडला आणि ते जसं वाकलं तसंच राहिलं. फळाच्या चिकाने बोटं कायम काळी. बायको जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती एक लेक नाजिया बीडला एका शाळेत शिकवते आणि तिथेच सासरी राहते.

या माणसाने आयुष्यात एकाच माणसावर डोळे झाकून विश्वास ठेवला. तो म्हणजे हैदराबादचे जाकीरशेठ, फळांचे व्यापारी. त्यांची ओळख बावीस वर्षांची. तेव्हा चाचा स्वतः ट्रकबरोबर बाजारात जायचे आणि तिथे हत्त्यावर भाव ठरायचा. हत्ता म्हणजे दोघांचे हात एका रुमालाखाली. देणारा आणि घेणारा एकमेकांची बोटं दाबून भाव बोलतात आणि बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. कुठलं बोट किती वेळा दाबलं, त्यावर लाखाचा माल इकडचा तिकडे जातो. जाकीरशेठला रुमालाखाली चाचांची वाकडी करंगळी लागली की ते न बघता म्हणायचे, हा जमीलभाई.

पुढे हत्ता बंद झाला आणि जाकीरशेठचे गुडघेही गेले. मग फोन आला. चाचा मालाचा फोटो पाठवतात. फळाचे डोळे किती उघडलेत, फटीत पिवळं किती दिसतंय, देठाजवळ काळं आहे का, हे जाकीरशेठ फोटोत बघतात आणि उत्तर देतात. 'रख' म्हणजे सौदा पक्का. 'नक्को' म्हणजे विषय संपला. या दोघांमध्ये फोटो गेला म्हणजे हात पुढे झाला आणि 'रख' आलं म्हणजे बोट दाबलं. त्यानंतर माघार नाही. आठ वर्षांत ती कुणी घेतली नाही.

आता तो फोनच मरायला टेकला होता. एके काळी तो त्याच्या कंपनीचा सगळ्यात वरचा फोन होता, हे चाचा अजून सांगतात. पण त्याची बॅटरी फुगली, पाठ सुटली आणि ती त्यांनी क्रेटच्या चिकटपट्टीने बांधली. कानाला लावला तर काही ऐकू येत नाही, म्हणून सगळी बोलणी स्पीकरवर, म्हणजे माझ्याही कानावर. त्यातच एक दिवस पडद्यावर सूचना आली की पुढच्या महिन्यापासून फोटो पाठवायचं ॲप या फोनवर चालणार नाही.

"बघ," ते मला म्हणाले, "फोन चालतोय. ॲप चालतंय. मंग पुढच्या म्हैन्यात कावून न्हाई चालणार? ह्येंच्यात कायतरी ठरलंय."

"चाचा, जुना झालाय तो."

"मी बी जुना झालोय. मी बंद पडलो का?"

त्याच आठवड्यात नाजियाचा फोन आला. चाचा माझ्या दुकानात बसले होते, स्पीकर चालू होता. ती म्हणाली, "अब्बा, नवीन फोन मी घेऊन देते. आत्ता आलेला, सगळ्यात वरचा. माझ्या पगारातून."

"कावून?"

"कावून म्हणजे? व्हिडिओ कॉलवर तुमचं तोंड दिसत न्हाई. नुसता काळा धब्बा दिसतो."

"तुला माझं तोंड बघायचं असतं तर यष्टी अर्ध्या तासाची हाय. नवऱ्यानं सांगितलं का? माझा जुना फोन कुणाला पायजे? कुठल्या दुकानातून घ्यायचा, तिथं कोण वळखीचं हाय?"

पलीकडे काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "बरं अब्बा." आणि फोन ठेवला.

चाचांनी माझ्याकडे विजयाने पाहिलं. "बघितलंस? उत्तर न्हाई. उत्तर न्हाई म्हंजे कायतरी हाय." मला त्या क्षणी त्या म्हाताऱ्याला शेडमध्ये कोंडून बाहेरून कडी लावावीशी वाटली. मी तसं त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, आतून दुसरं दार हाय.

पण सीताफळाचा हंगाम तोंडावर होता आणि फोटोशिवाय हंगाम नाही. दोन दिवसांनी ते स्वतःच म्हणाले, चल बीडला, बघून येऊ. मीच का, तर मला फोनमधलं कळतं. निघण्याआधी मला शपथ घ्यायला लावली की त्या दुकानातून मला कमिशन मिळत नाही. मी कपिलधारच्या स्वामींची शपथ घेतली. तरी विचारलंच, "एखादा कव्हर बी न्हाई?"

पिशवीत त्यांनी एक सीताफळ घेतलं होतं. मुद्दाम निवडलेलं खराब. डोळे पुरते उघडलेले, फटी पिवळ्या, देठाजवळ रुपयाएवढा काळा डाग. "चांगल्या फळाचा फोटो कुनीबी चांगला काढतंय," ते म्हणाले. "खराब फळाचा खराब काढतो का, ते बघायचं."

बीडच्या दुकानात ऋतुजा नावाची विक्रेती होती. बिचारीने किंमत, बॅटरी, पाण्यात पडला तरी काय होतं, सगळं सांगितलं. चाचांनी काचेच्या काउंटरवर सीताफळ ठेवलं आणि म्हणाले, "ह्याचा काढ." तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे काढ बाई, सुटका नाही.

आधी जुन्या फोनने काढला, मग नव्याने. नव्याचा फोटो तिने चाचांच्या फोनवर पाठवला. दोन्ही एकाखाली एक आले. खरं सांगते, खालचं फळ बघून मला तोंडाला पाणी सुटलं. हिरवंगार, डोळे जेमतेम उघडलेले, आणि देठाजवळचा काळा डाग एका सावलीत कुठे गेला ते कळेना. ऋतुजा कौतुकाने म्हणाली, "फोन ओळखतो काका, समोर फळ आहे ते. आपोआप छान करतो."

"छान करायला मी सांगितलं का?"

"ते बंद करता येतं."

"बंद केल्यावर बंद झालं, हे कोण सांगणार? फोनच ना?"

मला हसू आलं, पण चाचा गंभीर होते. त्यांना आता जाणता डोळा हवा होता, आणि तसा डोळा त्यांच्या लेखी जगात एकच. मी काही म्हणायच्या आत त्यांनी दोन्ही फोटो जाकीरशेठना पाठवले. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. आधी सांगितलं की परीक्षा आहे, तर माणूस सावध होऊन बघतो, असं त्यांचं म्हणणं. संशयी माणसाची अक्कल ही अशी. जगाला पकडायला जाळं टाकतो आणि स्वतःच्याच पायात अडकवून घेतो.

दोन मिनिटांत उत्तर आलं. वरच्या फोटोखाली 'नक्को'. खालच्या फोटोखाली 'रख. सौ क्रेट. कल भरो'.

चाचांचा चेहरा उतरला. सौदा पक्का झाला होता. हात त्यांनीच पुढे केला होता.

मी हळूच म्हटलं, "चाचा, एवढं काय त्यात? आपल्या शिवारातल्या गहिनीनाथच्या बागेत चांगला माल हाय. उद्या तो भरा शंभर क्रेट. शेठला माल चांगलाच मिळतोय, मंग कुणाचं काय गेलं?"

ते माझ्यावर चिडले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "माल चांगला जाईल गं. पर त्यानं ज्याला रख म्हटलं, तो माल कुठं हाय? तो तर कुठल्याच झाडाला न्हाई."

आणि तिथेच, काउंटरपाशी, त्यांनी फोन लावला. स्पीकरवरच. ऋतुजा, मी आणि चार्जर घ्यायला आलेली दोन माणसं, सगळ्यांनी ऐकलं. चाचांनी सगळं सांगितलं. दोन्ही फोटो एकाच फळाचे, फळ खराब, दुसरा फोटो नव्या फोनचा, परीक्षा बघायची होती, चुकलं.

मग जाकीरशेठ शांतपणे म्हणाले, "आठ बरस में ऐसे कितने फोटो भेजे, जमीलभाई?"

चाचांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. एकही नाही, एवढं म्हणायचं होतं फक्त. पण ज्याने कधी काही केलंच नाही, त्याला हा प्रश्न विचारला की बोलायला काही उरतच नाही, हे मला तेव्हा समजलं. त्यांनाही बहुतेक तेव्हाच समजलं असावं, कारण त्यांचे डोळे भरून आले. उत्तर न्हाई म्हंजे कायतरी हाय, हे त्यांचंच वाक्य. मला ते आठवलं आणि मी ते गिळलं.

शेवटी जाकीरशेठच म्हणाले, "उंगली दिखाओ. फल के बाजू रखो."

चाचांनी वाकडी करंगळी फळाशेजारी ठेवली. ऋतुजाने नव्या फोनमधलं ते छान करायचं बटण बंद केलं, मला दाखवून बंद केलं, आणि फोटो काढला. तो गेला. उत्तर आवाजातच आलं, "ये उंगली तुम्हारी नै जी."

मग जुन्या फोनने काढला. अंधूक, काळपट, भेगाळलेलं बोट. "हां," जाकीरशेठ म्हणाले, "ये तुम हो."

मी प्रत्यक्ष बोटाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर ते दोन्ही फोटोंच्या मधलं होतं. नवा फोन जरा गोरा करत होता आणि जुना जरा जास्तच काळा. जाकीरशेठला आठ वर्षं जुन्याचीच सवय. पण हे मी बोलले नाही. सौदा मोडला. पुढचा फोटो पाठवशील तो उंगलीसकट पाठव, एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आवाजात राग नव्हता. राग असता तर चाचांना चाललं असतं.

नवा फोन घेतला नाही. दुकानाबाहेर पडून आम्ही एका दुरुस्तीवाल्याकडे जुन्यात नवी बॅटरी घालून घेतली, आणि त्याने सांगितलं की फोनची आतली सिस्टीम नवी घालून देतो, ॲप अजून वर्षभर चालेल. चाचा त्याच्यासमोर स्टुलावर बसून होते. त्याने बॅटरी कुठून आणली, जुनी कुठे टाकली, त्यांनी काही विचारलं नाही. मला भीतीच वाटली.

बसस्थानकाकडे जाताना ते मधेच थांबले. म्हणाले, "बावीस वर्सांत त्यानं मला पैल्यांदा पुरावा मागितला." थोडं चालून पुन्हा थांबले. "नाजिया बी अशीच गप झालती बघ त्या दिवशी."

"मला आठवतंय," मी म्हटलं. मी कधीकधी दुष्ट असते.

"तुला शपथ घालायला नको होती मी. तू जा फुडं. मी तिच्याकडं जाऊन येतो."

पिशवीतलं सीताफळ तोवर पुरतं पिकलं होतं. ते घेऊन ते तिच्या गल्लीकडे वळले आणि मी एकटीच बसमध्ये बसले.

यंदाच्या हंगामात त्यांनी जेवढे फोटो पाठवले, त्या सगळ्यांत फळाशेजारी ती करंगळी आहे. जाकीरशेठ पुन्हा 'रख' म्हणतात, माल जातो, गाडी रुळावर आहे. पण फोटो काढताना बोट ठेवायची वेळ आली की चाचा एक क्षण थांबतात. मी भिंतीवरून बघते आणि मुद्दाम दुसरीकडे तोंड फिरवते.

बीडहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना विचारलं होतं, नाजिया काय म्हणाली?

"काय म्हनणार? बसलो. तिनं चहा दिला, पिलो. ती म्हणली, फोनचं राहू द्या. मी म्हटलं, तुला पायजे तर घे बाई, फळाला हा जुना राहू दे, नव्यात तू माझं तोंड बघत जा. पैसे कुठून आले, कुणाचं दुकान, कायबी इचारलं न्हाई मी."

"मग तिला बरं वाटलं असंल."

चाचा क्रेटवर टेकले आणि करंगळीवरचा चीक नखाने खरवडत राहिले.

"न्हाई गं. लई घाबरली. मला दारापर्यंत सोडाया आली अन् हात धरून म्हणली, अब्बा, आज तुमी कायच इचारलं न्हाई. डाक्टरनं काय सांगितलं का?"