बिबट्याच्या गोष्टीतला पिठाचा डबा

चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसून मी एका माणसाला शंभरेक वेळा तरी बिबट्या केलं असेल आणि तितक्याच वेळा परत माणूस. हे सगळं मोबाइलवर, अंगठ्यानं. दिघीला बस सकाळी साडेसहाला यायची. भोसरी येईपर्यंत अर्धा भाग लिहून व्हायचा, उरलेला मी जेवणाच्या सुट्टीत उरकायचे. संध्याकाळी सहाला भाग गोष्टींच्या ॲपवर चढवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

गोष्ट साधी होती. नायक दिवसा उसाच्या शेतात राबणारा देखणा गडी, पण शापामुळे रागावला की बिबट्या होणारा. नायिकेला तिच्या आईकडून मंत्र मिळालेले. तो अंगावर धावून यायचा, हिला ओरबाडायचा, मग ही त्याच्या कपाळावर हात ठेवून मंत्र म्हणायची आणि तो माणूस होऊन तिच्या पायाशी रडायचा. वाचकांना हे रडणं फार आवडायचं. भागाखाली लाल बदामांचा पाऊस आणि ‘पुढचा भाग कधी?’ मला विचाराल तर पन्नासाव्या भागानंतर त्या दोघांचाही मला कंटाळा आला होता. पण कंपनीत वीस वर्षं रबरी पाइप तपासून पास-नापासचे शिक्के मारल्यावर आपली वाट बघणारं कोणीतरी आहे, ही गोष्ट सोडवत नाही. मी टोपणनावानं लिहायचे. घरी माहीत नव्हतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो आधी पोटभर हसला असता आणि मग सगळ्या पाहुण्यारावळ्यांत सांगत सुटला असता.

भोसरीला एक मुलगी चढायची आणि माझ्या शेजारी बसायची. मुलगी म्हणते, पण लग्न होऊन सहा वर्षं झालेली, बीडकडची, आमच्याच कंपनीत पॅकिंगला, कंत्राटावर. एकदा तिनंच मोबाइल माझ्यापुढे धरला.

“ताई, ही स्टोरी वाचा. लई भारी आहे. मी तर रोज भाकरी करताना लावते.”

ती माझीच गोष्ट होती. मी चष्मा सावरून पहिल्यांदाच बघितल्यासारखी वाचली आणि “बरी आहे” म्हणाले. त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण क्वालिटीच्या मॅडम असलं काहीतरी लिहितात हे पॅकिंगला कळलं असतं तर दुपारपर्यंत कॅन्टीनला कळलं असतं. आणि दुसरं कारण जास्त खरं आहे. आपलं कौतुक आपल्याला ओळखत नसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायची मला चटक लागली. ती रोज सकाळी कालचा भाग मला रंगवून सांगायची आणि मी बावळटासारखी विचारायचे, “मग पुढे काय झालं?”

ॲपमध्ये गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवणारं बटण आहे. मोबाइल तेलाच्या बरणीला टेकवून ती ते लावायची. एकच खोली, त्यामुळे तिच्या नवऱ्याच्याही कानावर पडायचंच. तो हसायचा, म्हणायचा, बायकांचे खेळ. नवऱ्याबद्दल तिनं मला हळूहळू सांगितलं. आठ दिवस सोन्यासारखा, गजरा आणणार, भांडी घासणार. नवव्या दिवशी मारणार. मग पुन्हा पाया पडणार.

“ताई, शेवटी हा बिबट्या कायमचा माणूस होतो का हो?” एकदा तिनं विचारलं. “म्हणजे हिनं इतकं केल्यावर व्हायलाच पाहिजे ना?”

“होत असेल,” मी म्हणाले. पुढच्याच भागात मी त्याला आणखी थोडं रडवलं. आता आठवलं की स्वतःचा संताप येतो.

पण ती नुसती वाट बघत बसणारी नव्हती. एका मंगळवारी बसमध्ये चढली तीच फुललेल्या चेहऱ्यानं. चाकणजवळच्या निघोज्याच्या एका कंपनीत तिची कायम नोकरीसाठी निवड झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं, दहावीचा दाखला, आयटीआयचं सर्टिफिकेट, सगळं मूळ घेऊन. तिथल्याच दोन बायकांबरोबर तिनं खोली बघून ठेवली होती. रविवारी तो ड्युटीवर गेला की पिशवी उचलायची आणि निघायचं. नवऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“कागद कुठे ठेवलेस?” मी विचारलं.

ती माझ्या कानाशी आली. “ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, तळाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तो कधी पिठाला हात लावत नाही.”

मला तिचं किती कौतुक वाटलं म्हणून सांगू! आणि कौतुक वाटलं तिथेच घात झाला. त्या दिवशी माझ्या डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. आदल्या दिवशी मालाची एक अख्खी खेप परत आली होती, साहेबाची बोलणी खाल्ली होती, कंबर दुखत होती. दुपारी कॅन्टीनमध्ये डाळ-भात चिवडत मोबाइल उघडला आणि तिचाच डबा उचलला. नायिकेकडे एक मुळी असते, ती जवळ असली की बिबट्याच्या हद्दीबाहेर पडता येतं. तिनं ती मुळी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, तळाला, पिशवीत दडवली. आणि खाली तिचं वाक्य जसंच्या तसं: तो कधी पिठाला हात लावत नाही. इतकं खरं वाक्य मला वर्षभरात सुचलं नव्हतं. मी खूश होऊन सहाला भाग चढवला.

ही गोष्ट ती त्याच्यासमोर लावते, हे मला माहीत होतं. मनात आलं नाही, इतकंच. कामावर अर्ध्या मिलिमीटरची चूक मी लांबून पकडते.

बुधवारी ती आली नाही. गुरुवारी आमच्या पट्ट्यात सगळ्या कंपन्यांना सुट्टी. शुक्रवारी भोसरीला चढली तेव्हा ओढणी गालापर्यंत ओढलेली होती. मोशीला गाडी अडकली तेव्हा बोलली.

“मी भाकरी थापायले होते, गोष्ट चालू होती. त्यात ती बाई डब्यात मुळी ठेवते ना, ते आलं. माझा हात थांबला. नुसता हात थांबला, ताई. त्यानं ते बघितलं.”

तो उठला. डबा फरशीवर पालथा केला, पिशवी उचलली, एकेक कागद वाचला आणि गॅसवर धरला. दहावीचा दाखला सगळ्यात शेवटी. मग तिला मारलं.

तिचा हात मी हातात घेतला आणि “पोलिसांत जाऊ, मी येते,” वगैरे बोलत राहिले. ते बोलणं खोटं नव्हतं, पण तेव्हा खरं जे सांगायला हवं होतं ते मी गिळलं. सोमवारी ती झेरॉक्स घेऊन निघोज्याला गेली. गेटवरच्या साहेबानं ऐकून घेतलं, चहाही दिला म्हणे, पण मूळ कागदांशिवाय नाव चढवता येत नाही म्हणाला. गावाकडच्या शाळेत फोन केला तर क्लार्क म्हणाला, प्रतिज्ञापत्र आणा, अर्ज करा, महिना-दीड महिना जाईल. निघोज्याची जागा तेवढी थांबणार नव्हती. चार दिवसांत तिथं दुसरी कोणीतरी लागली. ती तर मंगळवारीच पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसली होती, पुन्हा पॅकिंगला, पुन्हा त्याच खोलीत.

त्यानंतर मला एक ओळ लिहिता आली नाही. बिबट्या उसात बसून राहिला. वाचकांनी आधी विनवलं, मग शिव्या घातल्या. मी ॲप उघडणंच सोडलं. बसमध्ये डोळे मिटून पडायचे, झोप यायची नाही, आणि शेजारी ती कानात हेडफोन घालून जुनेच भाग पुन्हा ऐकत बसलेली. आता ती घरी मोठ्यानं लावत नव्हती.

तीन आठवड्यांनी तिनं हेडफोन काढला. “ताई, ह्या लेखिकेचं काय झालं असेल हो? एकदम बंदच केलं. आजारी तर नसेल?”

चिडली असती, शंका घेतली असती तरी मला सोसलं असतं. ती माझी काळजी करत होती. मी इतकी थकले होते की आणखी एक दिवस गप्प राहण्याचीही ताकद उरली नव्हती.

“ती मी आहे,” मी म्हणाले. “ती गोष्ट मी लिहिते. तू मला डब्याचं सांगितलंस आणि त्याच दुपारी मी ते लिहिलं.”

तिला आधी कळलंच नाही. मी मोबाइलवर माझं खातं उघडून दाखवलं. तिनं मोबाइल हातात घेऊन सगळे भाग वर-खाली करून बघितले. मी माफी मागितली, गावी स्वतः येते म्हणाले, शाळेत बसून दाखला काढून आणू म्हणाले. ती ओरडेल, निदान रडेल असं वाटत होतं. ती हळू आवाजात बोलली.

“मार खाताना मला एकच वाटत होतं, ताई. की कुठेतरी दुसरी एक बाई आहे. तिचंपण असंच आहे, आणि तिलापण पिठाचाच डबा सुचला.” तिनं मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला. “म्हणजे तशी कुणी नव्हतीच. मी एकटीच होते.”