करुणेचा सत्कार

लग्नाच्या मांडवात, नवरा-नवरीच्या तोंडावर, तृष्णा हेच दुःखाचं मूळ असं सांगणारा माणूस आमच्याकडे एकच होता: आचार्यकाका. माझे सख्खे चुलते आणि आमच्या वाडीचे बौद्धाचार्य. माझ्या लग्नात ते तृष्णेवर इतका वेळ बोलले, की फुलं टाकायला उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या मुठीत झेंडू कोमेजला. नवरीविषयीची माझी तृष्णा तोवर भुकेने गिळून टाकली होती. बायको म्हणते, ती अजून परत आलेली नाही.

पावसाळ्यात वर्षावास लागला की काकांचं विहारात रोज प्रवचन. निम्मी वाडी डुलक्या काढायची, आणि त्या निम्म्या वाडीचं नेतृत्व माझ्याकडे. काका मला हलवून विचारायचे, "‘मला हवं’ म्हणजे तृष्णा. ‘तुझं बरं होवो’ म्हणजे मैत्री. ‘तुला बरं नाय, तर मी येतो’ म्हणजे करुणा. कळलं काय रे?" मी झोपेतच कळलं म्हणायचो.

थोरल्या काकी, म्हणजे काकांची पहिली बायको, गेल्या. त्यानंतर काही वर्षांनी, साठी उलटल्यावर, काकांनी जाहीर केलं की जयगडकडच्या आशाबाईंशी ते लग्न करणार. आशाबाई विधवा, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. आणि काय चमत्कार! वर्षावासात घोरणाऱ्या सगळ्यांना काकांची प्रवचनं तोंडपाठ निघाली. माझा चुलतभाऊ सुधीर, म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, ओट्यावर पाय सोडून म्हणाला, "काका, ही तृष्णा हो, तृष्णा!"

"आहेच," काका म्हणाले. "मी गृहस्थ माणूस. माझ्या अंगावर भिक्खूचं चीवर कधी बघितलंस काय?"

आम्ही निषेध म्हणून तोंडं वाकडी करून लग्नाला गेलो, आणि दोनदा वाढून घेतलं.

पुढे कुणीतरी रत्नागिरीच्या इस्पितळात दोघांना पाहिलं. नव्या काकींचं डायलिसिस चालू होतं, आणि हे काकांना लग्नाआधीपासून ठाऊक होतं. झालं! एका दुपारीत तृष्णेची करुणा झाली. वैशाख पौर्णिमेला काकांचा सत्कार ठरला. ‘करुणामूर्ती’ असा बॅनर आला, त्यावर काकांचा हसरा फोटो. भाषण अर्थातच माझ्याकडे. जागेपणी मी बरा बोलतो.

बॅनर पाहून काका म्हणाले, "उतरव तो."

"अहो काका, लोकांना आदर वाटतो..."

"ती पुढच्या रांगेत बसणार, आणि तू माईकवरनं सांगणार, ह्यांनी बिचारीवर दया केली? मला ती आवडते रे! माझं प्रेम करुणेच्या नावावर खपवू नका."

"म्हणजे करुणा नाहीच?" मी चिकाटी सोडली नाही.

"आहे की. सुई टोचताना ती रडते ना, तेव्हा लागते. उरलेला वेळ बायको आहे ती माझी."

सत्कार बारगळला. बॅनर सुधीरने लाकडांवर घातला. पाऊस छान अडतो, म्हणतो.

सगळे काकींची काळजी करत राहिले आणि गेले काका. झोपेतच. पुण्यानुमोदनाला विहार भरून गेला. आता अडवायला काका नव्हते, त्यामुळे प्रत्येक वक्त्याने मनसोक्त करुणा गायली. आजारी बाईला पदरात घेणारा महामानव, असंही एकाने म्हटलं. तेव्हा काकी भिंतीला धरून उठल्या.

"तुमचे आचार्य कसे होते ते तुम्हाला माहीत. माझा नवरा हावरा होता. मी समोर बसल्याशिवाय चहाला तोंड लावायचा नाय. डायलिसिस झालं की रिक्षा मुद्दाम आरे-वारेच्या लांबच्या रस्त्याने घ्यायला लावायचा. तेवढीच मी शेजारी जास्त वेळ. ह्या असल्या अंगाने मी कुणाला तरी एवढी हवी होते. तेवढं तरी माझ्याकडनं काढून घेऊ नका."

सुधीरने गडबडीने पुढचं नाव पुकारलं. ते माझं होतं, आणि करुणेवर माझी तयारी दांडगी होती. मी उठलो, माईक बंद केला आणि जागेवर येऊन बसलो.

माझं सगळ्यांत गाजलेलं भाषण ते तेवढंच.