किटणाने धरलेले दात

मिश्री भाजायला घेतली की लालबागच्या आमच्या चाळीत अर्ध्या मजल्याला ठसका लागायचा. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत परतायची, चुरायची आणि डबीत भरायची. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी डबी माझ्यापुढे सरकवली. "घास गो, दात घट्ट रवतत." पहिल्याच बोटाला मला गरगरलं आणि मी मोरीत उलटी केली. महिन्याभरात मी दिवसातून तीन-चारदा घासू लागले आणि त्यालाच तोंडाची स्वच्छता म्हणू लागले. ब्रश ही पोरांना शाळेत पाठवण्यापुरती वस्तू, असं माझं मत होतं. मतं माझ्याकडे तेव्हा पुष्कळ होती.

त्यातलं एक मी चाळभर वाटलं. शेजारीण परळला जाऊन मशीनने दात साफ करून आली, आणि आठवड्यात तिचे खालचे दोन दात हलायला लागून पडले. "मशीन लावलं की दात सुटतात," असा निकाल मी गॅलरीत उभी राहून दिला. कोणी विचारलं नव्हतं. त्यानंतर आमच्या मजल्यावरून कोणी साफसफाईला गेलं नाही. शेजारणीचा मात्र पुढे एकही दात गेला नाही, ती शेवटपर्यंत फुटाणे खात होती. ते आम्ही तिच्या माहेरच्या पाण्यावर घातलं.

माझ्या दाढा एकेक करून गेल्या. हिरड्यांतून रक्त आलं की मी आणखी थोडी मिश्री दाबायचे, म्हणजे दुखणं कळत नसे. सत्तरी गाठली तेव्हा माझं खाणंपिणं पुढच्या दातांच्या भरवशावर होतं, आणि गेल्या वर्षी त्यातले खालचे चार जिभेने ढकलले की झुलायला लागले. ते गेले की पुढे सगळं कालवून गिळायचं. मला ते नको होतं. एवढ्याच कारणासाठी मी नातीबरोबर दाताच्या डॉक्टरबाईंकडे गेले.

"आजी, मिश्री लावता?"

"सोडली."

"कधी?"

"झाली बरीच वर्षं."

"मग आज सकाळी गॅलरीत काय करत होतीस गं?" नात म्हणाली.

"हवा खात होते."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला आणि छोट्या आरशाने दातांची मागची बाजू दाखवली. दात दिसतच नव्हते. चारही दातांमागे एकच तपकिरी थर होता, जुन्या नळाच्या तोंडाशी जमतो तसा.

"हे किटण. हे काढायचं."

"काढलं की दात हलणार."

"ते आत्ताच हलतायत, आजी. किटणाने एकमेकांना धरून ठेवलंय, म्हणून कमी कळतं. पण त्याच्याचमुळे हिरडी आणि आतलं हाड खाली चाललंय. काढल्यावर थोडे जास्त हलतील. मग हिरडीने धरलं तर राहतील. मिश्री चालू असेल तर मात्र मला हात लावायला सांगू नका."

मला शेजारीण आठवली. तिचे ते दोन दात मशीनच्या आधीच गेल्यात जमा होते, आणि बाकीचे त्या मशीननेच वाचवले होते. हे तिला सांगायला मला पंचवीसेक वर्षं उशीर झाला होता.

साफसफाई दोन खेपांत झाली. थंड पाण्याचा फवारा, किर्र आवाज, तोंडात रक्ताची चव. घरी आल्यावर जीभ दातांमधल्या नव्या फटींत जाऊन बसली आणि चारही दात पहिल्यापेक्षा जास्त डुलले. मग डॉक्टरबाईंनी पुन्हा बोलावून मागून बारीक तार लावून ते एकत्र बांधले. मिश्री सोडल्यावर पंधरा दिवस डोकं चढलेलं असायचं, आणि मी नातीवर ओरडायचे. ती बेसिनपाशी उभी राहून सांगायची, "जोर नको लावूस, आजी. भांडं नाहीये ते. ब्रश तिरका धर, हिरडीपासून वर." मऊ ब्रशने एवढं हळू घासायचं म्हणजे घासल्यासारखंच वाटत नाही. दातांच्या फटींत घालायचा बाटलीच्या ब्रशसारखा एक इवलासा ब्रशही आहे. तो मी पहिल्यांदा उलटाच धरला.

दोन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी एकेक दात सुईसारख्या काडीने तपासला. आता रक्त येत नव्हतं. "तीन धरतायत," त्या म्हणाल्या. "चौथा नाही राहणार."

"काढा," मी म्हटलं.

तार सोडवल्यावर तो जवळजवळ बोटानेच निघाला. त्यांनी तो कापसावर ठेवून दाखवला. मुळाभोवती धरायला काही उरलंच नव्हतं. नात म्हणाली, "घरी न्यायचा का?" मी नको म्हटलं. राहिलेल्या तिघांसाठी दर तीन महिन्यांनी यायचं ठरलं. दवाखान्याचा जिना उतरताना मी जिभेने त्यांना ढकलून पाहिलं, तेव्हा नात म्हणाली, "आजी, हात थांबला तर जीभ सुरू. गप्प राहू दे ना त्यांना."