शेजाऱ्याने विचारलेला शब्द

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. कुणी एखादा शब्द विचारला की मी त्याच्या खापरपणजोबापर्यंत पोचतो. विचारणाऱ्याचा चेहरा बघायची सवय मला कधी नव्हतीच.

आमचा शेजारी दशावतारात बाईची सोंगं घ्यायचा. एरवी त्याची काजूची बाग. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या जुळवावे लागतात. याची तारामती बोलायला लागली की समोरच्या राजाची बोलती बंद व्हायची. केसांचा टोप त्याला आवडत नसे. स्वतःचेच केस पाठीवर वाढवलेले, दिवसा टोपीखाली गुंडाळलेले.

एका दुपारी तो मोबाईल घेऊन माझ्या पडवीत आला, मागोमाग त्याची मुलगीही. तिचं लग्न ठरत होतं. मुलाकडचे गोव्यात चांगल्या नोकऱ्यांवर. मुलाच्या थोरल्या भावाचा निरोप होता, की मुलगी पसंत आहे, फक्त वडिलांनी लग्नाआधी केस कापावेत आणि सोंगं सोडावीत. 'आमच्याकडे अशा माणसाला इफेमिनेट म्हणतात,' असंही त्यात लिहिलं होतं. त्याने मला या शब्दाचा अर्थ विचारला.

मी खूश झालो. आज सांगताना लाज वाटते, पण झालो. लॅटिनमध्ये फेमिना म्हणजे बाई, तिच्यावरून इफेमिनेट. विर म्हणजे पुरुष, त्याच्यावरून व्हिराइल, म्हणजे मर्दानी. आणि व्हर्च्यू, म्हणजे सद्गुण, तोही त्याच घरातला. व्हिरागो ही मुळात पुरुषासारखी शूर बाई, पुढे लोकांनी तिची कजाग बाई केली. आणि ग्रीकमध्ये हिस्टेरा म्हणजे गर्भाशय. बाई फार बोलली, फार रडली की तिचं गर्भाशय बिघडलं असं जुने वैद्य म्हणत, त्यावरून हिस्टेरिया. यावर मुलगी खळखळून हसली. बाप हसला नाही.

"म्हणजे बायलो म्हणतत माका," तो म्हणाला. मुलगी चहा ठेवायला घरी गेली, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "गुरुजीनू, चेडवाक थंय देव की नको?"

खरा प्रश्न हा होता, मुलगी त्या घरात द्यावी की नाही. ज्यांना बापाचे केस खुपतात त्यांना उद्या मुलीचं काय काय खुपेल, ते मला दिसत होतं. पण दुसऱ्याच्या सोयरिकीत कशाला नाक खुपसा, म्हणून मी म्हटलं, माणसं शिकलेली आहेत. केसांचं काय, पुन्हा वाढतील.

मांडवात त्याची पांढुरकी, उघडी मान बघवत नव्हती. नवऱ्याच्या भावाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आता कसे माणसात आलात, असं म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. नवरी तेवढी आमच्याकडे बघत राहिली. जेवताना तोच भाऊ मला सांगत होता, की मुलगी गुणी आहे, जरा जास्त बोलते, पण तेही जाईल हळूहळू. मी जिलबी वाढून घेतली.

चार महिन्यांनी एका सकाळी मोबाईलवर तिचा निरोप आला. "गुरुजीनू, हिस्टेरिकल म्हणजे तुमी सांगितलास ताच ना? माका डॉक्टराकडे नेतत. तसा लिहून घेवचा आसा म्हणतत."

माझं बोट सवयीने 'ग्रीकमध्ये' एवढं लिहून गेलं. ते पुसलं आणि फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला तर बंद.

मी तसाच कुंपणापलीकडे गेलो. शेजारी बागेत रान काढत होता. त्याने निरोप दोनदा वाचला. हात आपोआप मानेमागे गेला, जिथे आता काही नव्हतं. मी म्हटलं, मुलीला घेऊन येऊ या, आत्ताच्या आत्ता.

"तेव्हाच इचारलंय तुमका," एवढंच तो म्हणाला आणि गाडीची चावी घ्यायला आत गेला.